इंटरनेट बंद करण्याचा अधिकार: आदेश कोण काढतो आणि त्याला जाब कोण विचारतो

एखाद्या जिल्ह्यात दंगल उसळते, आंदोलन हिंसक वळण घेते किंवा मोठी भरती परीक्षा येऊन ठेपते, आणि तेथील लाखो लोकांच्या मोबाइलवरील इंटरनेट अचानक थांबते. फोन लागत असतो, साधा एसएमएस जात असतो, मात्र पैसे पाठवता येत नाहीत, नकाशा उघडत नाही, बातमी कळत नाही. लोक आधी मोबाइल बंद करून पुन्हा चालू करतात, मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावतात, आणि बऱ्याच वेळाने कोणीतरी सांगते की नेट सरकारनेच बंद केले आहे. अशा प्रत्येक वेळी त्यामागे एक लेखी आदेश असतो, निदान कायद्याप्रमाणे असायलाच हवा. तो आदेश कोणत्या कायद्याखाली निघतो, त्यावर कोणाची सही चालते, त्यात काय लिहिलेले असले पाहिजे आणि तो चुकीचा असेल तर पुढे काय होते, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे. लेखामागचे मत आधीच सांगून ठेवलेले बरे: आपल्याकडे या अधिकारावर कागदोपत्री मर्यादा कमी नाहीत, अडचण अशी आहे की त्या पाळल्या गेल्या की नाही हे ज्यावरून तपासायचे, तो आदेशच अनेकदा नागरिकाच्या हाती वेळेवर पडत नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. आणीबाणी म्हटले की २५ जून १९७५ ही तारीख आठवते. ती राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५२ खालची राष्ट्रीय आणीबाणी होती. ती राष्ट्रपतींनी घोषित केली, तिला संसदेची मंजुरी घ्यावी लागली आणि तिच्या काळात अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये स्थगित झाली. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून त्याजागी ‘सशस्त्र बंड’ घातले, आणि अनुच्छेद २० व २१ मधील हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. इंटरनेट बंदीला यातले काहीच लागत नाही. राष्ट्रपतींची घोषणा नाही, संसदेची मंजुरी नाही; राज्याच्या गृह सचिवाची सही पुरते. मात्र याचीच दुसरी बाजू नागरिकाच्या उपयोगाची आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. राष्ट्रीय आणीबाणी लागू नसल्यामुळे बंदीच्या काळात सर्व मूलभूत हक्क पूर्णपणे अंमलात असतात, आणि म्हणून प्रत्येक आदेश त्या हक्कांच्या कसोटीवर उतरावा लागतो. नेट बंद झाले म्हणून घटना बंद होत नाही.

या अधिकाराचे मूळ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात आहे. त्या कायद्याच्या कलम ५(२) नुसार सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या हिताचे असेल, तर सरकारला संदेशांची देवाणघेवाण थांबवता येत असे किंवा ती मध्येच ऐकता येत असे. पण त्यासाठी दोन पायऱ्या चढाव्या लागत. आधी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक स्थिती खरोखर अस्तित्वात असली पाहिजे. त्यानंतर देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे यांपैकी एखाद्या कारणासाठी आदेश आवश्यक वाटला पाहिजे, आणि ती कारणे लिहून ठेवली पाहिजेत. दुसरी पायरी परस्पर गाठता येत नाही. केवळ ‘सुव्यवस्थेसाठी’ असे लिहून भागत नाही. त्याआधी आणीबाणीची किंवा असुरक्षिततेची स्थिती दाखवावी लागते.

ही स्थिती म्हणजे नेमके काय, याचा खुलासा एका सट्ट्याच्या प्रकरणातून झाला, हे आज वाचताना गमतीचे वाटते. दिल्लीत शेतमालाचा बेकायदा सट्टा चालतो, या कारणावरून काही व्यापाऱ्यांचे दूरध्वनी तोडण्यात आले. हुकुमचंद श्यामलाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात डिसेंबर १९७५ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय आणीबाणी चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निव्वळ आर्थिक अडचणीला या कलमातील सार्वजनिक आणीबाणी म्हणता येणार नाही; सार्वजनिक सुरक्षितता, देशाची अखंडता किंवा सुव्यवस्था यांना बाध आणणारी स्थिती असली पाहिजे, आणि तसे समाधान अधिकाऱ्याने स्वतः करून घेतले पाहिजे. त्यानंतर एकवीस वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, फोन चोरून ऐकण्याविरुद्ध पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने दाखल केलेल्या याचिकेत न्यायालयाने आणखी स्पष्ट केले. सार्वजनिक आणीबाणी म्हणजे व्यापक लोकसमुदायावर परिणाम करणारी आणि तातडीने पावले उचलायला लावणारी अचानक उद्भवलेली स्थिती, आणि सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न म्हणजे लोकांना असलेला गंभीर धोका. या दोन्ही गोष्टी गुप्त नसतात. सामान्य समज असलेल्या माणसाला त्या समोर दिसतात, असे न्यायालयाने म्हटले. या निकालातील हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ‘आमच्याकडे गुप्त माहिती आहे’ एवढ्यावर आदेश टिकू नये, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

प्रत्यक्षात २०१७ पर्यंत बहुतेक बंद्या या कलमाखाली होतच नव्हत्या. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४, ज्याला आपण जमावबंदीचे कलम म्हणून ओळखतो, त्याखाली जिल्हा दंडाधिकारी इंटरनेटही थांबवत. चार-पाच माणसांना एकत्र येऊ न देण्याचे कलम संपूर्ण जिल्ह्याच्या दळणवळणाला लावणे कितपत योग्य, हा प्रश्न ऑगस्ट २०१५ मधील पाटीदार आंदोलनानंतर गुजरात उच्च न्यायालयापुढे आला, आणि न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. त्यानंतर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये तार अधिनियमाखाली दूरसंचार सेवा तात्पुरत्या स्थगित करण्याचे स्वतंत्र नियम केले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यात एका आदेशाची कमाल मुदत पंधरा दिवस अशी भर पडली. डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम मंजूर झाला, त्याचे कलम २०(२) जवळपास जुन्याच शब्दांत तोच अधिकार देते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नवे स्थगिती नियम लागू झाले. याच कायद्याच्या कलम २०(१) मध्ये सार्वजनिक आणीबाणीत संपूर्ण दूरसंचार सेवा किंवा जाळे तात्पुरते ताब्यात घेण्याचाही अधिकार आहे. त्याकडे अजून फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

नियमांनुसार आदेश काढू शकतो तो केंद्राचा गृह सचिव किंवा राज्याचा गृह सचिव. ते शक्यच नसेल अशा अपरिहार्य प्रसंगी सहसचिव दर्जाचा, आधीच प्राधिकृत केलेला अधिकारी आदेश काढू शकतो, पण चोवीस तासांत गृह सचिवाने तो कायम केला नाही तर तो आपोआप संपतो. ठाणेदाराला, तहसीलदाराला किंवा मंत्र्यालाही हा अधिकार नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे आदेशात कारणे, नेमका भूभाग आणि मुदत लिहावी लागते, आणि तो प्रसिद्ध करावा लागतो. आदेश पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत दूरसंचार कंपन्यांच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे जातो आणि कंपन्या त्या भागातील टॉवरांवरची डेटा सेवा थांबवतात. कंपनीला नाही म्हणण्याची मुभा नसते. तिचा परवानाच या अटीवर दिलेला असतो. शिवाय टॉवरची लहर तालुक्याची हद्द पाहून थांबत नाही, त्यामुळे कागदावर एका तालुक्यापुरती असलेली बंदी प्रत्यक्षात शेजारच्या गावांनाही लागते.

असा एखादा आदेश जवळून वाचून पाहावा. हरियाणा सरकारचे आदेश या बाबतीत नमुनेदार आहेत, कारण ते सहसा प्रसिद्ध होतात आणि त्यांची भाषा वर्षानुवर्षे तीच असते. व्हॉट्सॲप, फेसबुक, ट्विटर यांवरून चुकीची माहिती आणि अफवा पसरू नयेत, आंदोलक व समाजकंटकांना जमाव जमवता येऊ नये, म्हणून २जी, ३जी, ४जी, ५जी, सीडीएमए, जीपीआरएस ही मोबाइल इंटरनेट सेवा, घाऊक एसएमएस आणि डोंगल सेवा बंद करण्यात येत आहेत. व्हॉइस कॉल चालू राहतील. बँकेचे व रिचार्जचे एसएमएस वगळले आहेत. पहिल्या वाचनात हे मोजूनमापून लिहिलेले वाटते. पण दुसऱ्या वाचनात प्रश्न पडू लागतात. कोणती अफवा, कधी पसरली, तिचा कोणत्या घटनेशी संबंध आहे? जिल्हाच का, चार पोलीस ठाण्यांची हद्द का नाही? अठ्ठेचाळीस तास का, बारा का नाहीत? आदेशातील गावाचे नाव आणि तारीख बदलून तोच मजकूर दुसऱ्या कोणत्याही प्रसंगाला चालत असेल, तर त्यात कारण लिहिले आहे असे म्हणता येत नाही. ते साच्याचे शब्द आहेत. कलमे पाठ नसली तरी आदेश तपासण्याची ही पद्धत कोणालाही वापरता येते.

न्यायालये हेच प्रश्न अधिक शिस्तीने विचारतात, आणि त्या पद्धतीला प्रमाणबद्धतेची कसोटी म्हणतात. २०१६ मधील मॉडर्न डेंटल कॉलेजच्या निकालात आणि पुढे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात, ज्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरला, ही कसोटी आपल्या कायद्यात पक्की बसली. आदेशाचा उद्देश कायदेशीर आहे का. योजलेल्या उपायाने तो उद्देश खरोखर साधतो का. त्याहून कमी जाचक असा दुसरा उपाय उपलब्ध होता का. आणि होणारा लाभ व हक्कांची होणारी हानी यांचा तोल राहतो का. यांतल्या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक बंद्या अडखळतात.

परीक्षेचे उदाहरण घेतले तर हे चटकन लक्षात येते. सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट थांबवण्यात आले. पेपर फुटू नये, हा उद्देश कायदेशीरच आहे. पण पेपर फुटतो तो बहुधा परीक्षेआधी, छपाई किंवा वाहतुकीच्या टप्प्यावर, आणि फोडणाऱ्यांत आतलेच हात असतात. परीक्षेच्या तासांत सगळ्या शहराचे नेट बंद करून तो टप्पा सुरक्षित होत नाही. कमी जाचक उपाय तर डोळ्यांसमोर आहेत: झडती, केंद्रावरील जॅमर, मोबाइल बाहेर ठेवणे. आणि तोल पाहायचा तर एका बाजूला काही केंद्रांवरची कॉपी, दुसऱ्या बाजूला त्या दिवशी औषध मागवणारे, मजुरी मोबाइलवर घेणारे, रुग्णाला हलवण्यासाठी गाडी शोधणारे लोक. शिवाय मुळात कॉपी ही ‘सार्वजनिक आणीबाणी’ कशी, हा पहिल्या पायरीचा प्रश्न उरतोच. राममनोहर लोहिया यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळे कल्पिली होती: सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. प्रत्येक गुन्हा पहिल्या वर्तुळात बसतो, म्हणून तो दुसऱ्यात बसतोच असे नाही. कॉपी पहिल्याच वर्तुळात राहते. मार्च २०२२ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने माध्यमिक परीक्षेच्या दिवसांत काही भागांत ठरावीक तास नेट बंद ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये आसामातील भरती परीक्षेच्या वेळी गुवाहाटी उच्च न्यायालयाने, परीक्षेच्या कारणासाठी आपल्या परवानगीविना सेवा थांबवू नये, असे राज्याला बजावले.

सरकारची बाजू मात्र पोकळ नाही, आणि ती नीट मांडली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्या काळात तशाच आशयाचे संदेश आणि चित्रफिती मोबाइलवरून फिरत होत्या. अशी घटना समोर असताना, पोलिसांनी नेट बंद करण्याची मागणी केली तर तिला हुकूमशाही म्हणून उडवून लावणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण याच घटनेकडे कसोटीच्या अंगाने पाहिले तर दुसरी बाजूही दिसते. ती अफवा एका गावाची किंवा एका दिवसाची नव्हती. त्या सुमारास देशाच्या अनेक भागांत ती फिरत होती, आणि ती कोठे पेट घेईल हे आधी कोणालाच सांगता आले नसते. जिल्हाबंदीने ती थांबली नसती. उलट, पोलिसांनी केलेला खुलासाही लोकांपर्यंत पोहोचला नसता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. हा उपाय पुरेसा होता की नाही यावर वाद होऊ शकतो, पण अफवेचा वेग कमी करणारा आणि कोणाचेही दळणवळण न तोडणारा उपाय अस्तित्वात होता, एवढे त्यावरून सिद्ध होते. जिल्हाबंदीत सुक्याबरोबर ओलेही जळते.

इंटरनेट बंदीवरचा सर्वांत महत्त्वाचा निकाल काश्मीरमधून आला. ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्रीपासून तेथे इंटरनेटच नव्हे, तर दूरध्वनीही बंद झाले. काश्मीर टाइम्सच्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांनी वृत्तपत्र काढणेच अशक्य झाल्याचे सांगत सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १० जानेवारी २०२० रोजी न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा, आर. सुभाष रेड्डी आणि भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती अनुच्छेद १९(१)(अ) खाली आणि त्याच माध्यमातून चालणारा व्यवसाय अनुच्छेद १९(१)(ग) खाली संरक्षित आहे. बेमुदत बंदी चालणार नाही. बंदी प्रमाणबद्ध असली पाहिजे. प्रत्येक आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे आणि दर सात कार्यालयीन दिवसांनी त्याचे पुनर्विलोकन झाले पाहिजे. इंटरनेट मिळणे हाच स्वतंत्र मूलभूत हक्क आहे का, यावर मात्र न्यायालयाने मत दिले नाही, कारण तसा युक्तिवादच झाला नव्हता. वर्तमानपत्रांत ‘इंटरनेट हा मूलभूत हक्क’ असे जे मथळे आले ते तेवढ्यापुरते सैल होते. केरळ उच्च न्यायालयाने मात्र त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहातील मोबाइल बंदीविरुद्ध एका विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेत, इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या आणि गोपनीयतेच्या हक्काचा भाग मानली होती.

भसीन निकालातील एक तपशील मोठ्या तत्त्वांच्या गर्दीत हरवतो. सुनावणीच्या वेळी मूळ आदेशच याचिकाकर्त्यांकडे नव्हते, आणि सरकारनेही ते सगळे न्यायालयापुढे ठेवले नाहीत. ज्या आदेशाला आव्हान द्यायचे तोच दाखवला जात नसेल तर हक्काचा उपयोग काय, हा प्रश्न न्यायालयाला तेथे प्रत्यक्ष भेडसावला, आणि प्रसिद्धीची सक्ती त्यातून आली. तरीही न्यायालयाने सेवा तत्काळ सुरू करण्याचा हुकूम दिला नाही. पुनर्विलोकन करा, एवढेच सांगितले. जानेवारी २०२० च्या अखेरीस २जी वेगाने केवळ ३०१ संकेतस्थळे उघडतील, अशी यादी निघाली. मार्चमध्ये यादी गेली पण वेग २जीचाच राहिला. साथीच्या काळात ऑनलाइन वर्ग आणि डॉक्टरांचे व्हिडिओ सल्ले याच वेगाने चालवावे लागले. ४जी सर्वत्र परतले ते ५ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे बंदीनंतर अठरा महिन्यांनी. जिंकलेला निकाल आणि हातातला मोबाइल यांत एवढे अंतर राहू शकते.

मे २०२३ मध्ये मणिपुरात हिंसाचार भडकल्यावर तेथेही महिनोन्महिने बंदी चालली. एका आदेशाची मर्यादा पंधरा दिवसांची असली तरी आदेशामागून आदेश काढण्यावर मर्यादा नाही, ही नियमांतील सर्वांत मोठी फट आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये एका फरार व्यक्तीच्या शोधासाठी संपूर्ण पंजाबचे मोबाइल इंटरनेट काही दिवस थांबवण्यात आले होते. ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये भारतात ८४ वेळा बंदी झाली. त्याहून एकच जास्त, म्हणजे ८५, लष्करी राजवटीखालील म्यानमारशी संबंधित होत्या. ही मोजणी खासगी संस्थेने करावी लागते, कारण सरकार ती ठेवत नाही. शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात याच गोष्टीवर बोट ठेवले होते: ना दूरसंचार विभागाकडे बंद्यांची नोंद, ना गृह मंत्रालयाकडे, आणि बंदीमुळे खरोखर शांतता राहते का याचा अभ्यासही नाही.

आता पुनर्विलोकन समितीकडे वळू. राज्यात तिचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात, सोबत विधी सचिव आणि गृह विभागाबाहेरचा एक सचिव. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी कार्य सचिव आणि दूरसंचार सचिव. न्यायाधीश कोणीच नाही, बाहेरची व्यक्ती कोणी नाही. गृह सचिवाने काढलेला आदेश त्याच सरकारचे इतर सचिव तपासतात, आणि पाच दिवसांत तो कायद्याप्रमाणे आहे की नाही याचा निष्कर्ष नोंदवतात. निष्कर्ष नोंदवतात, एवढेच. २०१७ च्या नियमांत समितीने आदेश रद्द करण्याचा अधिकार लिहिलेलाच नव्हता. दूरध्वनी ऐकण्याबाबतचा जुना नियम ४१९अ समोर ठेवला की हा फरक डोळ्यांत भरतो, कारण तेथे समितीला आदेश रद्द करून नोंदी नष्ट करायला सांगण्याचा स्पष्ट अधिकार होता. म्हणजे एका माणसाचा फोन ऐकण्याचा आदेश समिती मोडू शकत होती, पण एका जिल्ह्याचे इंटरनेट तोडण्याचा आदेश मोडण्याचा अधिकार तिला दिलेला नव्हता. हे जाणूनबुजून झाले की घाईत राहून गेले, याबद्दल तर्क करण्यात अर्थ नाही, परिणाम एकच.

संपूर्ण सेवा न थांबवता ठरावीक मजकूर, खाते किंवा ॲप अडवण्याचा मार्ग वेगळा आहे. तो माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९अ मधून जातो. २०२० च्या जून महिन्यात टिकटॉकसह ५९ ॲप याच कलमाखाली बंद झाली. २००९ च्या नियमांप्रमाणे सर्वसाधारण प्रकरणात संबंधिताला नोटीस देऊन म्हणणे ऐकायचे असते, पण तातडीच्या प्रसंगी सचिव आधी मजकूर अडवू शकतो आणि अठ्ठेचाळीस तासांत तो विषय समितीपुढे ठेवावा लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या काळात ट्विटरवरील सुमारे २५० खाती अशाच तातडीच्या आदेशाने अडवली गेली, त्यात एका मासिकाचेही खाते होते. मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा सांगणारे कलम ६६अ रद्द केले, मात्र ६९अ टिकवून ठेवले, कारण त्यात लेखी कारणांची अट आहे आणि त्या कारणांना उच्च न्यायालयात आव्हान देता येते. पण त्याच नियमांतील नियम १६ अशा कारवाईबाबत कडक गोपनीयता सांगतो. कारणे लिहा, पण कोणाला दाखवू नका, अशी ही व्यवस्था झाली. इंटरनेट बंदीच्या आदेशाला निदान प्रसिद्धीची सक्ती आहे, येथे ती उलट दिशेने आहे. ज्याचे खाते अडवले त्याला कंपनीकडून एका ओळीची सूचना मिळते आणि आव्हान द्यायचे कशाला, हेच त्याला ठाऊक नसते.

इंटरनेट बंदीच्या बाबतीत नागरिकाचा मार्ग अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. त्यासाठी आदेशाची प्रत लागते. ती गृह विभागाच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर असायला हवी. नसेल तर ती प्रसिद्ध न होणे हाच याचिकेतील पहिला मुद्दा होतो. माहितीच्या अधिकाराखाली आदेश आणि पुनर्विलोकनाचा निष्कर्ष मागता येतो, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समितीची अंतर्गत चर्चा नव्हे, पण पुनर्विलोकनाचे आदेश प्रसिद्ध करावेत, असे जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात स्पष्ट केले. मात्र माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची, आणि बंदी दोन-तीन दिवसांची. याचिका सुनावणीला येते तेव्हा नेट सुरू झालेले असते, सरकारी वकील ‘आता प्रश्नच उरला नाही’ म्हणतात, आणि सगळेच वरातीमागून घोडे ठरते. कलकत्ता आणि गुवाहाटीची उच्च न्यायालये वेळेत हस्तक्षेप करू शकली, कारण परीक्षांच्या तारखा आधी जाहीर असतात. दंगलीच्या आदेशाला तसा अवधी नसतो. तेथे न्यायालयाला खरोखर तपासता येतो तो संपलेला आदेश, आणि बंदी संपली तरी असा आदेश पुन्हा निघण्याची शक्यता दिसत असल्यास याचिका निकाली न काढता त्याची वैधता ठरवावी, अशी विनंती वकील करू शकतात. त्यासाठी आधीच्या प्रत्येक बंदीचा आदेश, त्याची वेळ, त्यातील कारणांचा मजकूर आणि समितीने काय नोंदवले याचे कागद हाताशी असावे लागतात. आज ते एकत्र मिळतील असे एकही सरकारी ठिकाण नाही.